जानरावांच्या रक्ताचा रिपोर्ट

अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन काड्या काढल्या, एक काळी, एक लाल.

"ही गुणसूत्रं. काळीचं टोक तुटून लालला चिकटलंय, लालचं काळीला. माल सगळा आहे, फक्त जागा बदललीय. म्हणून तुम्ही ठणठणीत. पण बाळाकडे कधी त्यातली एकच बदललेली काडी जाते. मग कुठे जास्त होतं, कुठे कमी पडतं आणि गर्भ टिकत नाही."

जानराव अंजनगाव सुर्जीचे नर्सरीवाले. चाळीस वर्षं जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलमं केलेला माणूस, त्यांना लगेच कळलं.

"हे कलम केलं कोनं?"

"कोणी नाही. जन्मापासून आहे तुमच्यात. तुमच्याकडून मुलाकडे, किशोरकडे गेलं."

"माह्याकडून? बाई, नाव वाचा बरं पुन्हा. जमुना असन, माही बायको."

बाईंनी वाचलं. जमुनाबाईंचा रिपोर्ट स्वच्छ होता.

सून रागिणीचे तीन गर्भ गेले, ती अकोल्याला माहेरी जाऊन बसली, तेव्हा कुठे घरात रक्त तपासायची बुद्धी झाली. जमुनेच्या वेळी तपासणी सोपी होती. चार गर्भ गेले आणि सासूनं निकाल दिला, हिच्या हाताला यश नाही. तेव्हापासून डोळे बांधायच्या हंगामात जमुनेला नर्सरीत बंदी. जानरावांनी आईशी वाद घातला नाही. उलट बांधावर दोरी ताणून दिली, म्हणजे बायकोला दरवेळी 'आत येऊ का' विचारायला नको. पाचव्या खेपेला किशोर झाला, पण दोरी सोडायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. सासू गेली. सुतळी कुजली, मग नायलॉनची आणली.

परतीच्या बसमध्ये जानरावांनी तीन वाक्यं तयार केली. एकात दोष देवाचा होता, एकात आईचा. तिसरं सगळ्यात लहान होतं, तरी गाव येईपर्यंत पाठ होईना.

जमुना गवार मोडत बसली होती.

"काय म्हनलं डॉक्टरनं?"

"खोट माह्यात हाय. तुह्यात कधीच नवती."

तिचे हात थांबले. जानराव शिव्यांची वाट पाहत राहिले. आल्या असत्या तर बरं झालं असतं.

जमुनेनं फोन उचलून अकोल्याला लावला.

"रागिणी, माय, जेवली का? आइक. तुह्यात काही नायी. सासऱ्याकडून आलं ते. रडू नको वं. तुह्या आईले दे फोन, तिले मीच सांगतो."

विहीणबाईंना तिनं तेच तीनदा सांगितलं. "तुमच्या पोरीत काहीच कमी नायी, बाई." मग फोन ठेवला.

"बरं केलं," जानराव म्हणाले.

"हो. तिची माय हाय." जमुनेनं एक शेंग उचलली, पण मोडली नाही. "माही माय मरतानी माहा हात धरून म्हने, माफ कर पोरी, म्या तुले नासकं पोट देल्लं. तिले कोन सांगन आता?"

जानराव उभेच होते. तिनं बसा म्हटलं नाही.