कोल्ह्याचं तोंड

योगराजने रिक्षातून क्रेट उतरवलं आणि तो थेट टेबलाकडे निघाला, पण हर्षदाने त्याला दारातच थांबवलं. जखमी रानजनावर आलं की आधी लांबून बघायचं, हात नंतर लावायचा, हा जनावरांच्या दवाखान्याचा पहिला नियम. भाजीची दोन क्रेटं तोंडाला तोंड लावून सुतळीने आवळलेली होती आणि आत एक कोल्हा होता.

ती उकिडवी बसून जाळीतून पाहू लागली. मागचा पाय लंगडा होता, त्याची एवढी काळजी नव्हती. काळजी वाटली ती त्याच्या शांतपणाची. रानातला कोल्हा माणूस दिसला की अंग चोरतो, गुरगुरतो. हा टक लावून तिच्याकडे बघत होता. जबडा सैल, लाळ क्रेटभर. मधेच त्याने हवेलाच चावा घेतला. हर्षदाने ओळखलं, हा पिसाळला आहे. पिसाळलेलं जनावर वाचत नसतं, आता प्रश्न माणसांचा होता.

"याला कोणी कोणी हात लावला?"

"कोणीच नाही, ताई. तासाभरापूर्वी कडोदऱ्याला हायवेवर गाडीने उडवला. मी गोणपाटात धरून उचलला."

योगराज मागावरचा कामगार, राहायला नवागामला. शर्टाला अजून धागे चिकटलेले होते. बोलताना तो सारखा फरशीकडे बघत होता.

हर्षदाने टॉर्च मारला. जखमेवरची हळद वाळून भेगाळली होती. तासाभरापूर्वीच्या जखमेवर कालची हळद येते कुठून? आणि पायाला फडक्याऐवजी लाल रिबीन होती, शाळकरी पोरीच्या वेणीची, छान फुलाची गाठ मारलेली. तिला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली.

"ही रिबीन कोणाची?"

"रस्त्यावरच पडली होती."

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा आंधळ्यालाही दिसतं. रानातलं जनावर घरात ठेवलं म्हणून वनखातं आत टाकेल, याचा त्याने धसका घेतला होता. हर्षदाचे वडीलही मागावरच कामाला होते. तिने दवाखान्यातली मराठी बाजूला ठेवली आणि घरची बोली काढली.

"भाऊ, मी बी नवागामनीच शे. तुले कोन्ही धरी लई जावाव नही. पन हाऊ कोल्हा पिसाळेल शे. आज सुई भेटनी ते पोर वाची जाई. उशीर व्हयना ते जगमा औषद नही."

योगराजने पहिल्यांदाच वर पाहिलं.

"मयुरीनी शे रिबीन. मनी पोर. सात वरीसनी." तो म्हणाला. "परवादिन कारखानामांगे उसमा सापडना. तिनी परीक्षा व्हती. माय बोलनी, कोल्हानं तोंड दखाड, पेपर चांगला जाई."

कोल्ह्याचं तोंड पाहिलं की दिवस चांगला जातो, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. किती जवळून पाहायचं, ते कोणी सांगत नाही.

"चाटं का तिले?"

"हात चाटा. पेन्सिल सोलतांना बोट कापायेल व्हतं, तोच."

हर्षदाने त्याला घरी फोन लावायला सांगितला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे त्याची आई, पुष्पाबाई. मयुरीचा हात नळाखाली धरा, साबण लावून पंधरा मिनिटं धुवा, मग तिला तडक मोठ्या सरकारी दवाखान्यात आणा, सुई आजच टोचायला हवी, हे हर्षदाने तिला दोनदा समजावलं.

"ऐकताय ना, आजी?"

"एकली मयुरीच का, बाई?"

"म्हणजे?"

"आख्खी गल्लीना पोऱ्हेसनी परीक्षा शे ना. समदासले बलायीसन दखाडं मी. काही जननी तोंडवर हात फिरावा."

योगराजने डोकं दोन्ही हातांत धरलं. जनावराच्या नोंदीच्या कागदावर 'हात लावणारे' या शब्दांपुढे एकच रिकामी ओळ होती. हर्षदाने कागद उलटा केला.

"एकेकाचं नाव सांगा. घाई करू नका, पण एकही विसरू नका."

पुष्पाबाई रडत रडत नावं घेऊ लागली. मयुरी. कुंदन. वर्षा. शेजारची दोन जुळी. प्रत्येक नावाला योगराज मान हलवत होता, कारण प्रत्येक पोर त्याच्या ओळखीचं होतं. नववं नाव लिहून झालं.

"झाले सगळे?"

"आन मी," पुष्पाबाई म्हणाली. "मी तेले हातवरीच भाकर चारी."

हर्षदाने दहावं नाव लिहिलं, त्याखाली योगराजचं लिहिलं आणि कागद त्याच्या हातात दिला. "रिक्षा सोडली नाहीस ना? मग आधी गल्लीत जा," ती म्हणाली.