विहिरीचं लग्न

दुर्गाबाई घागर घेऊन विहिरीच्या काठावर चढली, तसा सरपंच भगवंतरावांनी हात आडवा केला.

"तुमी नाई, बाई. तुमी मागं राहा."

श्रमदानातून खोदलेल्या गावविहिरीचं आज लग्न होतं. लग्न लागल्याशिवाय नव्या विहिरीचं पाणी प्यायचं नाही, आणि पहिलं पाणी पाच सुवासिनींनी काढायचं, ही चाल. दुर्गाबाईचा नवरा गोवर्धन जाऊन सहा वर्षं झाली होती. काठावर पाचजणी नव्या लुगड्यांत बसल्या होत्या. सगळ्यांच्या पुढं सरपंचांची बायको मैनाबाई.

"मंग माती उचलाले कावून नाई लागल्या सुवासिनी?" दुर्गाबाईनं विचारलं.

बायांमध्ये कोणीतरी फिसकन हसलं.

"नवं पाणी हाय. अपशकून नको," भगवंतराव म्हणाले.

"पाणी लागलं तवा खाली कोन होतं, भाऊ? माह्याच पायाले लागलं पयलं. तवा नाई झाला अपशकून?"

भगवंतराव खुर्चीकडे पाहू लागले. खुर्चीवर अमरावतीचे वकील मोरोपंत होते. पौषात मारुतीच्या पारावर त्यांनीच सभा घेतली होती. घमेलं उचलणाऱ्याला जात नाही, घमेलं उचलणारी विधवा नाही की सुवासीन नाही, असं ते म्हणाले होते. टाळ्या पडल्या होत्या. त्या भाषणावरच दुर्गाबाई दुसऱ्या दिवशी टोपलं घेऊन आली होती.

"तुमीच बोलले होते ना, वकीलसाहेब?"

मोरोपंत गळ्यातल्या हाराच्या पाकळ्या नीट करत राहिले. "आजचा एक दिवस, बाई. लोकांच्या भावना असतात. उद्यापासून रोज भरा की."

दुर्गाबाई विहिरीवरच्या चाकापाशी गेली आणि त्यावरचा जाड दोर ओढून काढू लागली. गावचा दोर गाळ काढताना तुटला, तेव्हा गोवर्धनच्या मोटेचा हा नाडा तिनं खुंटीवरून काढून दिला होता. त्यानंतरची सगळी माती त्याच्यावरच वर आली होती. तिनं त्याची वेटोळी केली, खांद्यावर टाकली.

"काढा आता पयलं पाणी."

लग्नाचं डफडं थांबलं.

"दुसरा दोर आना रे कोनी!" भगवंतराव ओरडले. "नत्थुजी, तुमचं घर जवळ हाय."

नत्थुजींनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "माहा दोर बैलाले बांधला हाय," ते म्हणाले. बैल समोरच मोकळा चरत होता. बाकीचे जमिनीकडे पाहत बसले.

मैनाबाई उठली. दुर्गाबाईजवळ गेली. आता ही समजूत घालणार, असं भगवंतरावांना वाटलं असावं. त्यांनी मान डोलावली. मैनाबाईनं हळदीकुंकवाची बोटं उमटवलेली आपली घागर पुढं केली.

"दुर्गाबाई, गाठ तुमीच मारा. माही सुटते."

दुर्गाबाई तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग खांद्यावरचा नाडा उतरवून तिनं चाकावर टाकला, घागरीला गाठ मारली आणि तो मैनाबाईच्या हातात देऊ लागली. मैनाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि बाजूला सरकली. मागच्या चौघीही सरकल्या.

"मैना!" भगवंतराव म्हणाले.

तिनं वळून पाहिलं नाही. घागर खाली गेली. बुडाल्याचा आवाज वर आला, आणि दुर्गाबाई ओढू लागली.

मोरोपंत खुर्चीवरून उठले आणि टाळ्या वाजवू लागले.

त्यांच्याखेरीज कोणीच वाजवल्या नाहीत.