वर्मी घावाचा घरचा नियम

दुकानाला सुट्टी असली की चष्मेवाला दुपारी शटर अर्धं ओढून घ्यायचा आणि डोळे तपासायच्या खोलीत खेळ मांडायचा. खेळ कागदावरचा आणि तोंडाचा. तो गोष्ट सांगायचा, बाकीचे तिच्यातली पात्रं व्हायचे, आणि तलवार लागली की हुकली हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा. त्याची बायको गोष्टीत चोर होती आणि संकट दिसलं की सगळ्यांच्या आधी पसार व्हायची. त्याचा आतेभाऊ एरवी लोकांना गाडी चालवायला शिकवायचा, इथे मंत्र म्हणायचा. फ्रिज दुरुस्त करणारा बारक्या इतका आडवा होता की दारातून तिरका होऊन आत यायचा. गोष्टीत मात्र तो नाजूक बासरीवाला होता.

फाशावर वीस आले की वर्मी घाव. पुस्तकातला नियम साधा होता: इजेचे फासे दुप्पट टाका, बेरीज करा, समोरच्याच्या जीवाच्या आकड्यातून वजा करा. चष्मेवाल्याला तो अळणी वाटायचा, म्हणून त्याने घरचा नियम काढला. ज्याचा वार वर्मी लागला त्याने तो कसा लागला ते सांगायचं. वर्णन झकास झालं तर इजेचा आणखी एक फासा. तेव्हापासून खेळात जान आली. राक्षसांची मुंडकी पायऱ्यांवरून घरंगळायला लागली. बारक्याने एकदा बासरीने ड्रॅगनचे दात पाडले. चष्मेवाला या नियमाचं कौतुक गिऱ्हाइकांनाही ऐकवायचा, त्यांनी विचारलेलं नसलं तरी.

मग बायकोची धाकटी बहीण खेळायला यायला लागली. तिला सगळे छोटी म्हणायचे. ती मोठ्या इस्पितळात, अपघात विभागात नर्स होती. हल्ली नीट जेवत नव्हती, फोन उचलत नव्हती, म्हणून बहिणीनेच तिला ओढून आणलं. "चार माणसांत बस जरा," ताई म्हणाली होती. "हसशील तरी."

छोटी गोष्टीत भालेवाली झाली, आणि सुरुवातीला खरंच हसली. मग एका दुपारी पुलावर लुटारूंशी गाठ पडली. तिने फासा टाकला आणि वीस आले.

"सांग, कसा लागला," चष्मेवाला हात चोळत म्हणाला.

"बरगडीखाली," छोटी म्हणाली. "डावीकडे. भाला आतच आहे, म्हणून रक्त कमी दिसतंय. तो खाली बसलाय. त्याला वाटतंय, फार काही झालेलं नाही."

"वा," बारक्या म्हणाला.

"श्वासाला आवाज येतोय. पाण्यात नळी फुंकल्यासारखा. ओठ निळे पडायला लागलेत. एका पायातला बूट गेलाय, आणि तो तेवढंच विचारतोय, माझा बूट कुठंय. मी म्हणतेय, आहे इथेच, आणतात. आणि कुणी आणायला जात नाहीये."

आता वा म्हणायला कुणी तयार नव्हतं. छोटीचा आवाज चढला नव्हता की पडला नव्हता. ती जणू समोरचं पाहून सांगत होती. चष्मेवाल्याने पेन्सिल खाली ठेवली. थांबवावं तर तिला लागेल, आणि न थांबवावं तर ही कुठवर जाईल? त्यातच त्याच्या मनात आलं, नियमाप्रमाणे हिला आता जादा फासा द्यायला हवा. त्या विचाराची त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"छोटे," ताई हळूच म्हणाली. "चहा टाकते."

"नको. मला ड्युटी आहे." छोटीने पर्स उचलली आणि शटरखालून वाकून निघून गेली. ड्युटी नव्हती. तिचं वेळापत्रक ताईला पाठ होतं.

पुढचे दिवस चष्मेवाल्याने जीव मुठीत धरून काढले. एका बाईंच्या चष्म्यात त्याने उजवी काच डावीकडे बसवली. "मी तिच्याशी बोलू का?" त्याने बायकोला विचारलं.

"तू नको. तू बोललास की दुरुस्तीचं काम वाढतं."

पुढच्या सुट्टीला छोटी आपणहून आली, आणि त्याची भीती उलट वाढली. त्याने गोष्टीतून लढाईच काढून टाकली. मंडळी बाजारात गेली, मग बडबड्या नावाड्याबरोबर पलीकडे गेली, मग पुन्हा बाजारात. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच.

"अरे, कधीपासून आम्ही दोरखंडाची घासाघीस करतोय," आतेभाऊ वैतागला. "या गोष्टीत काही होणार आहे का?"

"भाऊजी माझ्यामुळे टाळतायत," छोटी म्हणाली. ती हातातल्या पेन्सिलीकडे बघत राहिली. "तो पुलावरचा माणूस खरा होता, आमच्या विभागात आलेला. मी त्याचा हात धरला होता. तेवढ्यात दुसऱ्या खाटेवरून हाक आली आणि मी गेले. जायलाच हवं होतं, तिथलं लेकरू वाचलं. डॉक्टरांनी सांगितलं, तुझं काही चुकलं नाही. मलाही कळतं ते. पण त्याची बोटं मी एकेक करून सोडवली होती. परत आले तेव्हा तो गेला होता. एकटाच."

ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तो नियम आजपासून बंद," चष्मेवाला घाईघाईने म्हणाला.

"बंद नको. एक वाढवा. वर्मी घाव लागला की इजा लगेच मोजायची नाही. जवळच्या कुणी आपली पाळी सोडून जखमीला धरलं, तर दुप्पट फासे नाहीत. साधी इजा."

"म्हणजे तेवढ्यात शत्रू सुटणार," आतेभाऊ म्हणाला.

"सुटेल."

"आणि कुणीच गेलं नाही तर?"

"तर नाही गेलं," छोटी म्हणाली.

बारक्याने विचारलं, "लुटारूंनाही लागू?"

"त्यांचं कुणी जवळ असेल तर."

कुणाची हरकत नव्हती. म्हणून त्याच दुपारी, पुरेशी हिंमत गोळा करून, चष्मेवाल्याने मंडळींना लुटारूंच्या गढीच्या तळघरात उतरवलं. परतीचा एकच दोर, आणि त्याला खालून आग लागलेली. चोर त्या दोराला, भालेवालीच्या जवळच लटकली होती. बासरीवाला वर पोचला होता. मंत्रवाला दरवाजा पेलून उभा होता. तो हलला असता तर दरवाजा त्याच्याच डोक्यावर आला असता. भालेवाली खाली सरदाराशी झुंजत होती आणि तिचा जीव थोडाच उरला होता.

सरदाराचा वार चष्मेवाल्यालाच टाकायचा होता, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. फासा कडेला अडखळला आणि थांबला. वीस.

दुप्पट फाशांत भालेवाली वाचणं शक्य नव्हतं. चष्मेवाल्याला बायकोकडे बघावंसं वाटत होतं, पण गोष्ट सांगणाऱ्याने कुणाला काही सुचवायचं नाही, हे खेळात ठरलेलं होतं. तो टेबलाकडे बघत राहिला.

"मी खाली उतरले तर दोर जळून जाईल?" ताईने विचारलं.

"जाईल."

"मग आपण सगळेच अडकणार?"

"बासरीवाला सोडून."

ताई आपला कागद पुन्हा वाचायला लागली. आतेभावाने घसा खाकरला.

"ताई, पळ तू," छोटी म्हणाली. "मी नवीन पात्र काढीन. खेळच आहे हा."

"गप्प बस. उतरले मी. काय धरू?"

छोटी पुढे वाकली. "जखम. दोन्ही हातांनी. दाबून."

"दाबली. आता?"

"आता काही नाही. तिथेच थांब."

"थांबलेय."

चष्मेवाल्याने साधी इजा टाकली. आकडा भालेवालीच्या जीवापेक्षा एकाने जास्त भरला. त्याने पुन्हा मोजला. तेवढाच होता.

"गेली," तो कसाबसा म्हणाला.

"ताई तिथेच आहे ना?" छोटीने विचारलं.

"कुठे जाणार," ताई म्हणाली. "दोर जळला की."

छोटीला आधी हसू फुटलं आणि मग रडू. दोन्ही बराच वेळ चाललं. बारक्या उठून पाणी घेऊन आला आणि ग्लास कुणाला द्यायचा ते न कळून तसाच धरून उभा राहिला.

चोर आणि मंत्रवाला लुटारूंच्या तळघरात बंद झाले, आणि त्यांना बाहेर काढायला बासरीवाल्याला बरेच आठवडे लागले. आतेभाऊ त्यावरून अजून टोमणे मारतो. छोटी त्याच विभागात आहे. तिने तिथल्या मुख्य नर्सना झालेलं सगळं सांगितलं, आणि आता इस्पितळातल्याच एका समुपदेशक बाईंकडे मन मोकळं करायला जाते. एखादा दिवस वाईट गेला की बसस्टॉपवरून ताईला फोन करते. कधी बोलते, कधी नुसती गाड्यांची घरघर ऐकू येते. ताई फोन ठेवत नाही.