चोविसावा कार्यक्रम

“हे घ्या भाऊजी, तुमच्या आवडीचं. रकानेच रकाने,” म्हणत कल्पना वहिनींनी फॉर्म माझ्यापुढे टाकला.

चार पानी फॉर्म होता. सरकारी कला-खात्याच्या कलाकारांच्या यादीत बापूचं नाव घालायचं, तर एप्रिल ते मार्च या वर्षात तीन ध्वनिमुद्रणं आणि किमान चोवीस प्रत्यक्ष कार्यक्रम झालेले हवेत. प्रत्येकाची तारीख, जागा, आयोजक, श्रोत्यांची अंदाजे संख्या. मी वीज मंडळाच्या हिशेब विभागात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. रिकामा रकाना मला उघड्या राहिलेल्या नळासारखा वाटतो.

“चोवीस म्हणजे महिन्याला दोन,” मी म्हणालो. “आणि बापू, एका वरातीत दोनदा वाजवलंस, तरी एकच धरणार हं.”

बापू तेव्हा सॅक्सोफोन मांडीवर घेऊन त्याच्या कळांना तेल देत होता. बापू म्हणजे दत्तात्रय मुंगी, वहिनींचा नवरा. वेदनगरात आमची भिंतीला भिंत. शिक्षण खात्यात कारकुनी केली आणि लग्नसराईत शफीक मास्टरच्या बँडमध्ये सॅक्स वाजवला. चांगल्या घरातला मुलगा लाल कोट घालून वरातीपुढे चालतो, याचा उज्जैनच्या मराठी मंडळींना पहिली दहा वर्षं धक्का बसला होता. पुढची तीस वर्षं त्यांनी त्याची चेष्टा केली. आडनाव मुंगी आणि गळ्यात हत्तीची सोंड, हा विनोद मी स्वतः निदान शंभर वेळा केला असेल.

कॉलेजला असताना तो महूला आत्याकडे राहायचा. तिथे लष्करी बँडमधून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्याने त्याच्या हातात सॅक्स दिला आणि कानात जॅझ घातलं. हातातलं पुढे उपयोगाला आलं. कानातलं तसंच राहिलं. वरातीत फर्माइशी गाणं वाजवता वाजवता बापू मध्येच कुठेतरी निघून जायचा. चाल तीच, पण तिला वाकडे, लांब, उदास फाटे फुटायचे. नाचणाऱ्यांचे पाय चुकायचे, घोडी कान टवकारायची आणि शफीक मास्टर ओरडायचे, “बापू! वापस आओ!” बापू परत यायचा. कल्पना वहिनी त्या फाट्यांना ‘मधलं ते’ म्हणत.

“यादीत नाव येऊन काय होणार तुझं?” मी विचारलं.

“महोत्सवात बोलावतात. सभागृहात.” बापूने फडकं बाजूला ठेवलं. “अरे यार वसंता, चाळीस वर्षं मी चालत्या लोकांसमोर वाजवून राहिलोय. एकदा बसलेल्या लोकांसमोर वाजवायचंय. समोर खुर्च्या, खुर्च्यांत लोक. बस.”

“झोपले तर?” वहिनी म्हणाल्या.

“झोपायला तरी आधी बसावं लागतं ना.”

असं ते वर्ष सुरू झालं. नोंदी वहिनी ठेवत. बापू घरी आला की पाण्याचा तांब्या त्याच्या हातात द्यायचा आणि बँकेच्या डायरीत लिहून घ्यायचं, असा त्यांचा नेम. ती डायरी मी दर महिन्याला तपासत असे. तपासणी कसली, वाचायला मजा यायची. “१९ एप्रिल. टावर चौक ते धर्मशाळा, वरात. नवरा घोडीवरून उतरेना. ‘मधलं ते’ दोन मिनिटं. एका म्हाताऱ्याने मान डोलावली म्हणतात. डास असेल.” किंवा, “६ मे. वरात. पाहुण्यांना सॅक्स म्हणजे शहनाईचा मोठा भाऊ वाटला. ह्यांनी समजावून सांगितलं. वरात तोवर पुढे गेली.”

ध्वनिमुद्रणं सप्टेंबरातच पुरी झाली. पहिलं म्हणजे इंदूरच्या स्टुडिओत एका भजनामागे वाजवलेला तुकडा. दुसरं साड्यांच्या दुकानाची जाहिरात. ती दिवाळीभर फ्रीगंजच्या बाजारात रिक्षाच्या भोंग्यावरून फिरली आणि बापू घरात दारं लावून बसला. तिसरं मात्र त्याचं स्वतःचं. त्या भजनवाल्यांचं काम लवकर आटोपलं होतं, स्टुडिओची बारा मिनिटं उरली होती. वहिनी सोबत गेल्या होत्या. त्या काचेपलीकडच्या माणसाला म्हणाल्या, “भैया, बटन चालू रहने दो.” बापूने ‘मधलं ते’ पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं. नाव काय द्यायचं विचारलं, तेव्हा वहिनींनीच लिहून दिलं: मधलं ते.

कार्यक्रमांचं गणित मात्र जड गेलं. वराती डीजेच्या गाड्यांनी पळवल्या होत्या. जूनअखेर अकरा झाले. मग चातुर्मास. श्रावणात एका भजन मंडळीबरोबर देवाच्या सवारीच्या मिरवणुकीत एक, गणपतीत एक. आणि दोन अंत्ययात्रा.

अंत्ययात्रा म्हणजे, आमच्या माळव्यात नव्वदी गाठलेलं, पणतू पाहिलेलं माणूस गेलं, की पुष्कळ घरांत बँड लावतात. गुलाल उधळत, वाजतगाजत चक्रतीर्थाच्या स्मशानघाटावर नेतात. मात्र माणूस पिकलेलं हवं. हिरवं पान गळलं तर तिथे बँडचं नाव कुणी काढत नाही. बापूला हे काम आवडे. “बाकी सगळीकडे फर्माइश करणारा मागे लागलेला असतो,” तो म्हणायचा. “इथे तो खांद्यावर असतो.”

नोव्हेंबर-डिसेंबरात पाच, मार्च लागेपर्यंत तीन. एकूण तेवीस. चोविसावी वरात बारा मार्चची ठरलेली होती. आदल्या दिवशी मुलीच्या मामाने डीजे आणला. त्यानंतर खरमास लागला, म्हणजे महिनाभर लग्न नाही. रंगपंचमीची मिरवणूक होती, पण पाणी लागलं की सॅक्सच्या आतल्या चामड्याच्या चकत्या फुगतात, म्हणून बापू रंगात वाद्य बाहेर काढत नसे. आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम पाडव्याचा, आणि पाडवा त्या साली एप्रिलात.

“मंडळाचं एक पत्र आणून देतो,” मी म्हटलं. “कोजागिरीला वाजवलं म्हणून.”

“कोजागिरीला पाऊस होता. आम्ही घरी भजी खाल्ली,” वहिनी म्हणाल्या. “डायरीत आहे. भजी लिहिली आहेत.”

मग एकच वाट उरली, आणि मला सांगायला लाज वाटते की आम्ही तिच्यावर विनोद करू लागलो. समोरच्या घरात नंदा आजी राहतात. वय शहाण्णव, पणतू इंजिनिअरिंगला. मी रोज सकाळी त्यांच्या फाटकाशी थांबून तब्येत विचारू लागलो. आजी वस्ताद बाई. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “वसंता, बापूचा एक कमी पडतोय म्हणे? त्याला सांग, माझ्या वेळी ते रडकं नको, काहीतरी चालतं वाजव. पण एवढ्यात मी काही मोकळी नाही. पोहे-जलेबी आण, मग विचार करीन.”

मी पोहे-जलेबी आणली. आजींनी ती सगळी खाल्ली आणि आणखी टवटवीत दिसू लागल्या.

सत्तावीस मार्चच्या संध्याकाळी मी भिंतीवरून डोकावलो. वहिनी वाळवणाचे पापड उचलत होत्या.

“वहिनी, चार दिवस राहिले,” मी म्हणालो. “आजी तर सेंच्युरी मारणार. कुणीतरी मनावर घ्यायला हवं.”

“काय हो भाऊजी तुम्ही!” त्या हसल्या. परात कमरेवर घेतली. “कुणी नाही तर मीच घेते मनावर. मेलं एकदा तुमचं चोवीस होऊन जाऊ दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बापूने भिंतीपलीकडून मला हाक मारली. हाक साधीच होती, दूध नासलं म्हणून मारतो तशी. मी गेलो. वहिनी ओट्याशी पडल्या होत्या. गॅसवर चहा उकळून पार आटला होता, आणि पहिल्यांदा मी तो गॅस बंद केला. का, ते मला आजही सांगता येत नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं. मेंदूतली शीर फुटली होती. वय बासष्ट.

पल्लवी, त्यांची मुलगी, दुपारपर्यंत भोपाळहून पोचली. वहिनींचा भाऊ पराग देवासहून आला. अंगणात माणसं जमली, पण बोलत कुणीच नव्हतं. वय झालेलं माणूस गेलं की लोक आठवणी सांगतात. इथे सगळे एकमेकांकडे बघत होते, जणू चुकीच्या घरी आलोत. नंदा आजी कुणाच्या तरी हाताला धरून आल्या. वहिनींच्या पायाशी बसल्या, त्यांची पावलं चोळत राहिल्या. मग सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, “अरे, माझा नंबर होता रे.”

मी फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो.

निघताना बापू माझ्याजवळ आला. “वसंता, केस घे.”

“कुठली केस?”

त्याने आतल्या पलंगाकडे बोट दाखवलं. मी आत गेलो. पलंगाखालून सॅक्सची काळी पेटी काढली आणि सगळ्यांच्या नजरा झेलत गाडीत ठेवली.

चक्रतीर्थावर बापूने अग्नी दिला. लाकडं चांगली वाळलेली होती, लगेच पेटली. लोक मागे सरले आणि पायऱ्यांवर बसले, कवटी फुटेपर्यंत थांबायचं असतं म्हणून. बापू माझ्याकडे आला, पेटी उघडली आणि सॅक्सचे तुकडे जोडू लागला. तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आलं.

“दाजी,” परागने त्याचं कोपर धरलं. “दाजी, नका ना. लोक काय म्हणतील? ताई काय नव्वदीची होती?”

“नव्हती,” बापू म्हणाला आणि पट्टा गळ्यात घातला.

क्रिया सांगणारे महाराजही उठून आले. “भैया, बाजा तो बूढ़ों में बजता है।”

शफीक मास्टर मागे उभे होते. साधा शर्ट, हात मोकळे. त्यांनी महाराजांच्या खांद्यावर हात ठेवला. “रहने दो महाराज। आज वापस नहीं बुलाना है।”

बापूने ओठ आवळले आणि वाजवायला लागला.

जे ऐकू आलं ते गाणं नव्हतं, भजनही नव्हतं. सुरुवात नीट, मग तो पहिला फाटा, मग दुसरा. पल्लवीने तोंडावर हात घेतला. कुणीतरी “अरे बाप रे” म्हणालं, आणि ते कौतुक नव्हतं. दोन माणसं उठून उभी राहिली, कुठे जावं ते न कळून पुन्हा बसली. एकदा बापूचा श्वास तुटला. नुसती हवा गेली, सूर लागलाच नाही. त्याने सॅक्स खाली घेतला, धोतराने तोंड पुसलं आणि जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे धरलं. शेवटपर्यंत गेला. पलीकडच्या चितेभोवतीचे लोकही आमच्याकडे तोंड करून बसले होते.

माझ्या सवयीला लाज नाही. मी मोजले. पायऱ्यांवर एक्केचाळीस माणसं होती, आणि सगळी बसलेली होती.

घरी येऊन मी तो फॉर्म काढला. पेन्सिलीने चोविसावी ओळ लिहिली: २८ मार्च, चक्रतीर्थ, श्रोते ४१. आयोजकाच्या रकान्यात पेन्सिल टेकवली आणि तशीच उचलली.

एकतीस तारखेला, शेवटच्या दिवशी, मी फॉर्म घेऊन बापूकडे गेलो. घरात सुतक. तो खाली सतरंजीवर बसला होता. शेजारी वहिनींची डायरी, सत्तावीस मार्चपर्यंत भरलेली. बाहेर ऊन चढलं होतं आणि वाळवणाची चादर अजून तशीच पसरलेली होती.

“चोवीस होतात बापू,” मी म्हणालो. “खोटं काही नाही यात. पाचपर्यंत दिला की झालं. तू फक्त सही कर.”

त्याने चष्मा लावला. एकेक ओळ बोट लावून वाचत गेला. टावर चौक. धर्मशाळा. सवारी. शेवटच्या ओळीवर बोट बराच वेळ थांबलं.

“एक्केचाळीस?”

“मोजले मी.”

“बसले होते ना सगळे?”

“सगळे.”

त्याने मान हलवली. मग म्हणाला, “रबर आहे तुझ्याकडे?”

“बापू, अरे, वर्षभर वहिनींनी याच्यासाठीच...”

“तिने सांगितलं होतं मला,” तो म्हणाला. “त्या रात्री जेवताना. भाऊजींना म्हटलं, मीच घेते मनावर. इतकी हसत होती की ठसका लागला.”

मला वाटत होतं, ते वाक्य मला एकट्यालाच माहीत आहे. तीन दिवस मी ते घेऊन हिंडत होतो.

“तिने गंमत केली होती, वसंता,” बापू म्हणाला. “ती फॉर्मात नको लिहू.”

मी खिशातून रबर काढून दिलं. त्याने फॉर्म डायरीवर ठेवला, कागद डाव्या हाताने ताणून धरला आणि चोविसावी ओळ खोडली. आधी श्रोते, मग जागा, मग तारीख. तेवीस राहिले. कागदावर रबराचा चुरा पडला होता.

बापूने ओठ आवळले, वाजवायच्या आधी आवळतो तसे, आणि त्या ओळीवर एक हलकी, लांब फुंकर मारली.