खिशातले पाच स्क्रू

"बोर्डाला हात लावून गेलेल्या माणसाला काय बसवलं ते विचारू नकोस, काय काढलं ते विचार," असं सासऱ्यांनी तिला बजावलं होतं. नव्या घरात सामान लावत होते तेव्हाची गोष्ट. तिच्या कडेवर लेक होती आणि हातात पडद्याच्या कड्यांची पिशवी. "हो बाबा," म्हणून तिने ते बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

सासरे जन्मभर वायरमन. सासूबाई होत्या तोवर धुवायच्या शर्टाच्या खिशातून हमखास एखादा स्क्रू निघायचा. "लोकांच्या खिशात रुमाल असतो, आमच्याकडे हार्डवेअरचं दुकान," त्या म्हणायच्या. आता ते दोन गल्ल्या पलीकडे एकटे राहत. दुपारी नातीशी खेळायला येत, आणि वाटेत कुणी "बाबा, जरा बघता का" म्हटलं की नाही म्हणणं त्यांना जमत नसे.

घरातला मोठा खटका पडायला लागला तो घर लागल्यावर तीन महिन्यांनी. वीज कुठे गळायला लागली की साऱ्या घराचा पुरवठा तोडायचा, एवढंच त्याचं काम. पण तो कपडे धुताना पडे, लेकीला आंघोळ घालताना पडे, वर चढवला की पुन्हा पडे.

"याचं अगदी तुझ्यासारखं आहे," नवरा म्हणाला. "जरा खुट्ट झालं की धसका."

त्यानेच मग कोपऱ्यावरच्या वायरमनला सांगितलं. काम करताना हा गडी दातांतून शिट्टी वाजवायचा, म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणत. सोमवारी तो आला. बोर्डाचं कव्हर उघडलं, कुठेकुठे टेस्टर लावला, न्हाणीघरात जाऊन आला.

"गिझरमधून वीज गळतेय, ताई. आतलं पाणी तापवणारं एलिमेंट बदलावं लागेल."

"खटका पडतोय आणि बदलायचा गिझर?"

"खटका बिचारा त्याचं काम करतोय."

"आणि एलिमेंट तुमच्याच दुकानात मिळत असेल."

शिट्टी थांबली. "मिळतं," तो म्हणाला. "इतर ठिकाणीही मिळतं."

बघू, म्हणून तिने त्याला वाटेला लावलं. पदवी घेतलेल्या बाईला असं कुणी सहज गुंडाळू शकत नाही, असं तिला तेव्हा वाटलं.

मंगळवारी लेकीची छाती भरली. शिट्टीचं म्हणणं तिने मनावर घेतलं नव्हतं, गिझर चालूच होता; वाफेचं मशीन लावावं तर दर पाच मिनिटांनी वीज जायची. डॉक्टरांनी फोनवर सांगितलेलं औषध आणायला ती धावत गेली, सासऱ्यांना लेकीजवळ बसवून. परत आली तर मशीन छान चालू होतं आणि आजोबांच्या मांडीवर पोर शांत झोपलं होतं.

त्यानंतर खटका पडलाच नाही. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. "बघ," नवरा म्हणाला, "शिट्टीने कव्हर उघडून काहीतरी केलंच असणार. उगाच बिचाऱ्यावर संशय घेतलास." एलिमेंटचा विषय आपोआप मागे पडला.

मग एके दिवशी लेक न्हाणीघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "नळ चावतो."

नवरा पोट धरून हसला. दिवसभर घरात नळ चावत होता, बादली गुरगुरत होती. तीही हसली, पण लेकीला शेजारच्या खोलीत सोडून न्हाणीघरात गेली आणि नळाला हात लावला. काही नाही. ओल्या हाताने लावला. तरी काही नाही. तेवढ्यात तिचं लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं. पायांत रबरी चपला होत्या. लेक अनवाणी होती.

तिने चपला काढल्या आणि बोटाची मागची बाजू नळाला टेकवली. मनगटापर्यंत मुंग्या चढल्या.

नवऱ्याला ती लगेच बोलली नाही. मागच्या महिन्यात गॅस गळतोय म्हणून तिने सगळ्यांना जिन्यात उभं केलं होतं, आणि तो वास निघाला होता शेजाऱ्यांच्या दाराच्या ताज्या रंगाचा. तेव्हापासून तिच्या शंकेला घरात फारशी किंमत राहिली नव्हती. तिने गिझर बंद केला, लेकीला उचलून पलंगावर बसवलं आणि स्टूल घेऊन बोर्डाशी गेली.

कव्हरला चार स्क्रू असतात. तीनच होते. चौथ्याच्या जागी काळं भोक.

काय काढलं ते विचार. सासऱ्यांचं वाक्य तिला जसंच्या तसं आठवलं, आणि पाठोपाठ शिट्टीचं ते घाईने कव्हर लावणं, नजरेला नजर न देता पिशवी आवरणं. खरंच त्याने नजर चुकवली होती का? आता तरी तिला तसंच दिसत होतं.

खटक्यावर टी लिहिलेलं छोटं बटण होतं. महिन्यातून एकदा ते दाबून बघावं, खटका पडला पाहिजे, असं शेजारच्या कागदावर छापलेलं होतं. ते तिने कधीच केलं नव्हतं. आता दाबलं.

खट्‌. खटका पडला. तिला हायसं वाटलं, अगदी क्षणभर.

कारण डोक्यावरचा पंखा फिरतच होता. स्वयंपाकघरात फ्रिज घरघरत होता. घराची वीज तोडणारा खटका पडलेला होता आणि घरातली वीज जागच्या जागी होती.

तिने फोन करून बोलावल्यावर शिट्टी आला, तेव्हा ती दारातच उभी होती.

"काय काढलंत तुम्ही यातून?"

"मी? काही नाही."

"एक स्क्रूही नाही?"

"ताई, चारही स्क्रू पिळून गेलो होतो. आठ वर्षं या गल्लीत आहे मी, स्क्रू चोरून बंगला बांधलेला नाही अजून."

"मग खटका पडूनही पंखा कसा फिरतोय?"

त्याने वर पाहिलं. पंख्याकडे, मग खटक्याकडे. मग खाली जाऊन मीटरजवळचा मेन बंद करून आला, आणि कव्हर उघडलं. या वेळी शिट्टी वाजली नाही.

"खटक्यातून घराकडे जाणाऱ्या दोन्ही तारा काढून कुणीतरी वरच्या, येणाऱ्या तारांनाच जोडल्यात. वीज खटक्याला वळसा घालून आत जाते. तो पडला काय, उभा राहिला काय." तो वाकून बघत राहिला. "पण हात बघा. काय सफाई आहे. एक तार बाहेर सांडलेली नाही. माझं काम एवढं देखणं नसतं, ताई, देवाशपथ."

माणूस खोटं बोलताना स्वतःच्या कामाला नावं ठेवत नाही.

त्याने तारा जागच्या जागी लावल्या, मेन चालू केला आणि तिला गिझर सुरू करायला सांगितलं. बटण दाबताक्षणी खटका पडला आणि घर गप्प झालं. तीन आठवडे तोंड दाबून ठेवलेला खटका अखेर बोलला होता. गिझरची अर्थिंगची तारही सुटलेली निघाली. म्हणूनच गळकी वीज जमिनीत न जाता नळात उतरत होती.

"सोमवारनंतर बोर्डाजवळ कोण आलं होतं?" त्याने विचारलं.

तिला सासऱ्यांचा धुवायचा शर्ट आठवत होता आणि त्याच्या खिशातून निघणारा स्क्रू.

ती लेकीला घेऊन सासऱ्यांकडे गेली. ते खिडकीशी रेडिओ उघडून बसले होते.

"बाबा, मंगळवारी वाफेचं मशीन लावलं होतं, तेव्हा बोर्ड उघडला होता का तुम्ही?"

"मी? छे. मी कशाला?" ते म्हणाले. मग नातीकडे पाहून थांबले. "तिला धाप लागली होती. दोष शोधत बसायला वेळ नव्हता." आणखी थोड्या वेळाने, "तात्पुरतं केलं होतं. संध्याकाळी काढणार होतो."

"आणि स्क्रू?"

"स्क्रू खिशात. नेहमीचंच. तात्पुरतं काम केलं की एक स्क्रू परत लावायचा नाही, खिशात ठेवायचा. खिशाला हात लागला की आठवतं, काम राहिलंय. चाळीस वर्षांत एक चुकला नाही."

त्यांनी खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. मग उठले आणि कपाटातून एक डबीचं झाकण घेऊन आले. कपडे धुवायला टाकताना जे निघेल ते त्यात ठेवायची सवय होती. झाकणात पाच स्क्रू होते.

तिने एक उचलला. पांढरा, चपट्या डोक्याचा. तिचाच.

"बाकीचे चार कुणाचे, बाबा?"

ते झाकणावर वाकले. एकेक स्क्रू बोटाने वेगळा करत होते, जणू त्यावर पत्ता लिहिलेला असेल.

"अलीकडे जरा होतं असं," ते म्हणाले. "नाव ओठावर येतं आणि जातं." मग एकदम विचारलं, "त्यांच्याकडे वीज जातेय का गं? कुणी तक्रार केली?"

"नाही."

"मग वाईट आहे," ते म्हणाले आणि चपला शोधू लागले.

तिच्या मनातला सगळा राग कुणावर काढायचा, हेच तिला कळेना. तिने संशय घेतला होता तो चुकीच्या माणसावर, आणि ज्याच्या मांडीवर लेक झोपवत होती त्याच्या विसरण्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. एकच नाव दोनदा विचारणं, रेडिओ अर्धा उघडा टाकणं, हे सारं तिने वयाच्या खात्यात ढकललं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते तिघं निघाले. सासरे पुढे, झाकण हातात घेऊन ती मागे, आणि पिशवी घेऊन शिट्टी. तिने त्याची माफी मागितली, तेव्हा तो म्हणाला, "एलिमेंट माझ्याच दुकानातून घ्या, मग माफ." दारं ओळखीची वाटली की सासरे थांबत. दुधाच्या दुकानामागचं एक घर सापडलं, शिवणाच्या क्लासचं एक, आणि एका निवृत्त मास्तरांचं, जे म्हणाले, "तुमच्यामुळे आता कशी निवांत वीज आहे." तिन्ही ठिकाणी बटण दाबल्यावर खटका पडला आणि दिवे चालूच राहिले.

चौथा स्क्रू अजून झाकणात आहे. पितळी, जुन्या घडणीचा, गोल डोक्याचा. असा स्क्रू नव्या बोर्डांना येत नाही. सासऱ्यांना एवढंच आठवतं, की घरात एकच माणूस होतं, आणि त्याने त्यांना बसायला खुर्ची पुढे केली होती.

म्हणून ती भेटेल त्याला विचारते, आणि हे वाचताय तर तुम्हालाही विचारते आहे. तुमच्या ओळखीत एकटं राहणारं कुणी आहे का, ज्याच्याकडची वीज पूर्वी सारखी जायची आणि आता अजिबात जात नाही? ते तुम्हाला फोन करणार नाहीत, कारण त्यांचे दिवे लागलेले आहेत. तुम्हीच जा. आधी त्यांच्या बोर्डाचे स्क्रू मोजा.