मला काढून दाखव

मी हातमोजा बोलतोय. थंडीचा नव्हे, लग्नातल्या बँडवाल्याचाही नव्हे. मुलांच्या दवाखान्यात व्यायामाची एक खोली आहे, तिथे तिसऱ्या खुंटीला मी लटकलेला असतो. मला पाच बोटं नाहीत, एकच मोठा खिसा आहे आणि मनगटापाशी चिकटपट्टी. माझ्यात एकदा हात शिरला की त्याला चमचा धरता येत नाही, पेन्सिल धरता येत नाही, नाकसुद्धा धड कोरता येत नाही. हीच माझी नोकरी. दुसऱ्याला काम करू न देण्याची नोकरी करणारे जगात पुष्कळ आहेत, पण त्याबद्दल शाबासकी मिळवणारा मी एकटाच असेन.

दवाखान्याच्या चादरी शिवणाऱ्या मावशींनी मला उरलेल्या करड्या कापडातून शिवलं. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी ससा मागितला होता. मावशींची जेवणाची वेळ झाली होती, त्यामुळे एक कान डोक्यावर आला आणि दुसरा हनुवटीखाली. डॉक्टरबाई मला गाढव म्हणतात, झाडूवाले काका वटवाघूळ म्हणतात, आणि एका बाळाने मला बटाटा म्हणून चावून पाहिलं होतं. मी स्वतःला ससाच समजतो. मला आरशासमोर कुणी नेत नाही, ते बरंच आहे.

माझी पहिली मालकीण सात वर्षांची. अंगाने एवढीशी आणि जिभेने तिखट, म्हणून सगळे तिला लवंगी म्हणायचे. एका सकाळी दात घासताना तिच्या डाव्या हातातली पेस्टची नळी गळून पडली आणि तोंड वाकडं झालं. आईला वाटलं, पोरगी वेडावून दाखवतेय. मग लवंगी बेसिनपाशीच खाली बसली आणि तिला उठता येईना. मेंदूला रक्त नेणाऱ्या एका बारीक नळीत गुठळी अडकली होती. काही आठवड्यांत तोंड सरळ झालं, पाय चालू लागला, जीभ तर कधी थांबलीच नव्हती. डावा हात मात्र मांडीवर पडून राहिला.

आईबाबा कामाला जात, म्हणून व्यायामाला तिला आजोबा आणायचे. आजोबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. पहिल्या दिवशी मी ताईंच्या खिशात होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

"डॉक्टरबाई, हे म्हाताऱ्यांचं दुखणं," आजोबा म्हणाले. "माझ्या वाट्याचं होतं. तिला कसं काय गेलं?"

"लहान मुलांनाही होतो हो स्ट्रोक," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या वाट्याचं तिने काही घेतलेलं नाही. तिचा मेंदू अजून नव्याने शिकायला तयार आहे. पण उजवा हात फार पुढेपुढे करतो, डाव्याला काही करूच देत नाही. म्हणून रोज दोन तास उजव्याला बंद करायचं. चार आठवड्यांनी मी बघेन, हात जागा होतोय का ते."

मग ताईंनी मला लवंगीच्या उजव्या हातावर चढवून दाखवलं. माझ्या पट्टीला त्यांनी कापडाची एक मोठी कडी शिवली होती. "घालायचा कुणीही, पण काढायचा डाव्या हाताने," त्या म्हणाल्या. "दोन तास झाले की तीन वेळा प्रयत्न करायचा. नाहीच जमलं तर आजोबा काढतील."

"मला काढून दाखव," असं माझ्या वतीने ताई बारीक आवाजात बोलल्या. माझा आवाज तसा नाही, पण मी वाद घातला नाही.

घरी गेल्यावर आजोबांनी चष्मा लावला, मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि मान हलवली. "ती ताई तरुण पोरगी आहे, घाईत चुकली असेल," ते म्हणाले. "नाजूक झालेली वस्तू झाकायची असते. बिघडलेलं घड्याळ आपण काचेखाली ठेवतो की नाही?" आणि त्यांनी मला हळुवारपणे डाव्या हातावर चढवलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही. मी ओरडणार होतो, पण मावशींनी माझं तोंड काळ्या दोऱ्याने शिवलेलं आहे. लवंगीला तर खरं काय ते ठाऊक होतं. तिने उजव्या हाताने बिस्किटं खाल्ली, चित्रं काढली, आजोबांच्या मिशीला रबर लावलं आणि एक अक्षर बोलली नाही. रोज दोन तास संपले की ती कडी उजव्या हाताने सर्रकन ओढायची, आणि आजोबा टाळ्या वाजवायचे.

आठवड्याने आम्ही ताईंकडे गेलो.

"हा इतका स्वच्छ कसा?" ताईंनी माझा वास घेऊन पाहिला. "मुलं असल्या मोज्यांनी सूप ढवळतात, भिंत पुसतात, चावतात. याच्यावर एक डाग नाही?"

"पडूच दिला नाही," आजोबा अभिमानाने म्हणाले. "कसा पडेल? तो हात हलतच नाही ना."

लवंगी छताकडे बघू लागली. ताईंनी मला उचललं आणि तिच्या उजव्या हातावर चढवलं. आजोबांना सगळं कळलं तेव्हा ते खुर्चीत बसले. "माझ्यामुळे पोरीचा एक आठवडा गेला," ते म्हणाले. "चारातला एक."

"मग तीनात करू," ताई म्हणाल्या.

त्यानंतर माझे खरे हाल सुरू झाले. लवंगीने मला चावलं, उशीखाली कोंबलं, पायाने ओढलं. खिरीच्या वाटीत तिने सरळ तोंडच घातलं. "आजोबा, तुम्ही चांगले आहात ना? मग काढा." आजोबांचा हात कडीपर्यंत यायचा आणि परत जायचा. दुसऱ्या दिवशी तो परत गेला नाही, कडीला लागला. मी मनात म्हटलं, म्हातारा विरघळला.

पण आजोबांनी हात मागे घेतला आणि कपाटातून स्वतःचा लोकरी पायमोजा काढला. तो माझ्यापेक्षा वयाने मोठा होता आणि वासाने त्याहून मोठा. तो त्यांनी आपल्या उजव्या हातावर चढवला, वर सुतळी गुंडाळून दाताने गाठ मारली. "चल. आता आपण दोघंही डावखुरे."

चाळीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा माणूस, त्याला डाव्या हाताने खीर तोंडात घालता येईना. पहिला चमचा कानाशी गेला, दुसरा चष्म्यावर. लवंगी हसून हसून टेबलाखाली गेली. मग तिने आपला चमचा डाव्या मुठीत अडकवला, दोन वेळा पाडला आणि तिसऱ्या वेळी आजोबांच्या गुडघ्यावर रिकामा केला. नेम चुकला होता, पण चमचा हलला होता. आई घरी आली तेव्हा दोघं खिरीने माखलेले होते, मीही होतो. आईने तिघांनाही न्हाणीघरात धाडलं.

असे तीन आठवडे गेले. बोटं मिटायला लागली, पण उघडताना रुसायची. रोज तीन प्रयत्न व्हायचे, रोज अंगठा कडीवरून घसरायचा आणि शेवटी आजोबाच मला काढायचे.

मग डॉक्टरबाईंचा दिवस आला. टेबलावर त्यांचा चहा होता, ताई दाराशी उभ्या होत्या, आजोबा उभेच होते कारण त्यांना बसवेना. "काढ बघू गाढवाला," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"ससा आहे तो," लवंगी म्हणाली. त्या क्षणी मी तिचे सगळे चावे माफ केले.

पहिल्या वेळी अंगठा घसरला. दुसऱ्या वेळी कडीत दोन बोटं गेली आणि तशीच निसटली. मला माझी पट्टी सैल करता येत नाही, नाहीतर मी लबाडी केली असती. खरं सांगतो, केली असती. आजोबांचा उजवा हात पुढे आला होता. त्यांनी तो डाव्याने धरून मागे नेला.

तिसऱ्या वेळी लवंगीने ओठ चावला, कडीत बोटं घातली, मूठ आवळली आणि ओढलं. पट्टी चर्रर्र करत सुटली. मग हात इतका जोरात मागे गेला आणि बोटं अशी उघडली की मी थेट चहाच्या कपात पडलो, दोन्ही कानांसकट.

आजोबांनी मला कपातून काढलं, पिळलं आणि माझ्यानेच डोळे पुसले. चहा गोड होता, त्यामुळे त्यांच्या मिशीला मुंग्या लागल्या असतील.

आता लवंगी शाळेत जाते. डाव्या हाताने शर्टाचं वरचं बटण अजून लागत नाही, पण भावाचा कान धरता येतो असं ऐकतो. माझ्या अंगावर चहाचा डाग आहे, तो मावशींच्यानेही निघाला नाही. दर मंगळवारी आजोबा येतात आणि बाकावर बसलेल्या नव्या आजीआजोबांना एकेक करून सांगतात, "चांगल्या हाताला बांधायचा. चांगल्या. मी चुकलोय, तुम्ही चुकू नका."

माझीही तुम्हाला तेवढीच विनंती आहे. पोरं रडली तरी मला घट्ट बांधा आणि जवळ बसून राहा. मग एक दिवस ती मला काढून फेकतील. कुठे पडतो याची मला काळजी नाही. चहा तेवढा फार गरम नसावा.