हाकेला ओ

नाव बदललं म्हणून माणूस काही बदलत नाही, असं सांगणारे लोक भेटले की मी गप्प बसते. त्यांनी बास्केटबॉल खेळलेला नसतो.

मी खेळलेय. खडकीत एका सरकारी खात्याने मला खेळाडू म्हणून नोकरी दिली होती. सकाळी हजेरी लावायची आणि उरलेला दिवस मैदानावर. लग्न झालं तेव्हा राज्याच्या संघात माझी निवड झाल्यात जमा होती. लग्नात रिवाजाप्रमाणे ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीने त्यावर 'विजयमाला' लिहिलं, पेढे वाटले. पुढच्याच महिन्यात निवडीचा सामना. सासूबाई बघायला आलेल्या, म्हणून मैत्रिणींनी मोठ्या आदराने मला नव्या नावाने हाका मारल्या. मला वाटायचं, दुसऱ्याच कुणाला बोलावतायत. चेंडू कानाजवळून सरळ बाहेर जायचा. 'खेळात लक्ष नाही' असं निवड समितीचं मत पडलं आणि माझा विषय संपला.

एक्क्याण्णवनंतर सगळीकडे काटकसर सुरू झाली. खात्याने संघच गुंडाळला आणि मला फायलींपुढे बसवलं. जीव रमेना, म्हणून संध्याकाळी शाळेच्या मुलींना शिकवायला लागले आणि अशी मी कोच झाले. आता हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने त्यांच्या मुलींच्या संघासाठी मला बोलावलंय. तिथे मोठ्या साहेबालाही नावाने हाक मारतात. मला मात्र 'मॅम' म्हणतात. माझा चेहरा पाहून त्यांनी आपापसात ठरवलं असावं.

संघात भाग्यश्री सगळ्यात चांगली. उंच, शांत, आणि चेंडू हातात आला की वेगळीच कुणीतरी. यंदा मे महिन्यात तिचं लग्न झालं. सासर कात्रजच्या पलीकडचं, गाव नुकतंच महापालिकेत आलेलं. सासरे हिंदुराव, दारात स्कॉर्पिओ. सुनेने कंपनीत जावं, त्याला कुणाची ना नव्हती. पण तिने चड्डीवर चारचौघांत पळावं का, यावर घरात बरीच चर्चा झाली. नवऱ्याची, तेजसची, काही हरकत नव्हती; पण त्याला विचारतंय कोण! शेवटी ठरलं की सासूबाई, म्हणजे सरुबाई, एक मॅच बघून येतील आणि खेळायचं की सोडायचं ते सांगतील. भाग्यश्रीने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा ती रडली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं.

सामना शनिवारी संध्याकाळी होता. सरुबाई नऊवारी नेसून, मांडीवर डबा घेऊन पहिल्या रांगेत बसल्या. आणि आमची भाग्यश्री असं खेळली की मला माझे डोळे मिटून घ्यावेसे वाटले. पास तिच्याकडे जात होते आणि ती भलतीकडेच बघत होती. मी टाइमआउट मागितला.

"काय चाललंय हे? पिकनिक आहे का?"

कर्णधार दीपमाला खाली बघत म्हणाली, "मॅम, आँटींनी गेटवरच सांगितलं, लग्नात नाव बदललंय, आता हिला संस्कृती म्हणायचं. आम्हाला वाटलं, आज इम्प्रेशन चांगलं पडायला हवं. म्हणून सगळ्या तसंच म्हणतोय."

भाग्यश्री वेणीचं टोक चावत होती. "मॅम, ते माझंच नाव आहे हे कळतं मला. पण मान वळतच नाही."

पोरींना जुन्या नावाने हाक मारा म्हणावं, तर सासूबाईंचा अपमान. नव्याने मारू द्यावी, तर ही आज बावळट ठरणार आणि घरी बसणार. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तडक सरुबाईंकडे गेले.

"अहो, तिला नवं नाव ऐकू येत नाहीये."

"व्हईल की सवय. पत्रिका बघून ठिवलंय."

"होईल ना. पण तोवर चेंडू थांबत नाही." मग राहवलं नाही म्हणून म्हणाले, "माझंही असंच झालं होतं. मला वाटलं, दुसरीच कुणी आहे. त्यानंतर मला राज्याकडून कुणी खेळवलं नाही."

सरुबाईंनी डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. मी परत येऊन बसले. आपण फार बोललो, असं वाटून स्वतःचाच राग आला.

खेळ पुढे सरकला. आम्ही मागेच होतो. अगदी शेवटी दीपमाला कोपऱ्यात अडकली, समोर दोघी हात पसरून उभ्या. भाग्यश्री बास्केटखाली एकटी मोकळी होती, पण पाठमोरी.

"संस्कृती! संस्कृती!" दीपमाला ओरडली.

ही तशीच उभी.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून, शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर मारतात तशी हाक आली, "ए भाग्यश्रीऽऽऽ! मागं बघ की गं बाय!"

भाग्यश्री गर्रकन वळली. चेंडू हातात आला आणि तिने तो तसाच वर सोडला. बास्केट झाली आणि शिट्टी वाजली. पोरींनी तिला उचलूनच घेतलं.

सरुबाई डबा सावरत माझ्याकडे आल्या. "जिकलो न्हवं?"

"नाही हो. एका गुणाने हरलो."

"हात्तिच्या! मग पुढली मॅच कवा हाय?"

"पुढच्या शनिवारी," मी म्हटलं.

"येते म्या. ह्या पोरीस्नी धड वरडता बी येत न्हाई." त्यांनी डबा माझ्या हातात दिला. आत अजून कोमट धपाटी होती. मग जरा जवळ येऊन त्या हळूच म्हणाल्या, "बाई, तुमचं म्हायेरचं नाव काय वो?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. हसावं की रडावं ते मला कळेना.

"द्वारका," मी म्हणाले.

"द्वारके, खाऊन घे," सरुबाई म्हणाल्या, आणि मी लगेच मान वर केली.